डॉ. हार्मेनिंग आणि हरवलेला अर्धा तास

सिंगापूरला, पुंगोल भागात, अकराव्या मजल्यावर आमच्या शेजारी डॉ. उवे हार्मेनिंग राहतात. घड्याळांच्या इतिहासात या माणसानं तीस वर्षं घातली आणि त्याच्या मनगटावर घड्याळ नव्हतं. 'नव्हतं' असं मुद्दाम लिहितोय. आता आहे, आणि ते तिथं कसं आलं हेच मला सांगायचंय.

"मी दिवसभर घड्याळांतच असतो," ते म्हणायचे. "कचेरीचे काम घरी आणू नये." पण वेळ तर सगळ्यांनाच लागते. डॉक्टरांना ती लागली की ते दोघांना विचारायचे. एलआरटी या इथल्या छोट्या लोकलच्या स्टेशनवर हा सहा फूट दोन इंची जर्मन माणूस आधी एखाद्या आजीबाईंना गाठणार, मग त्यांच्यापासून लांब उभ्या असलेल्या एखाद्या पोराला. लांबचाच हवा, कारण जवळच्यानं आजीबाईंचं उत्तर ऐकलेलं असू शकतं. समोर पाटीवर ढळढळीत वेळ लिहिलेली. दोघांच्या उत्तरांत दोन मिनिटांचा फरक निघाला की डॉक्टर खूश. त्या आनंदात समोरची गाडी निघून जायची.

"अंकल, जस्ट चेक युअर फोन लाह!" माझी नऊ वर्षांची इरा त्यांना इथल्या पोरांसारखं शेवटी 'लाह' लावून कितीदा तरी म्हणाली आहे.

"फोन हा एकच साक्षीदार आहे, इरा," डॉक्टर शांतपणे सांगायचे. "आणि जगातले सगळे फोन आपापसात ठरवून बोलतात."

मी मुळात चिडका माणूस. दिवसभर पाया लेबारच्या ऑफिसात सोळा जणांची कारणं ऐकायची आणि घरी यायचं. शेजारी गप्प असावा एवढीच माझी अपेक्षा. पहिल्याच दिवशी लिफ्टमध्ये डॉक्टरांनी मला चक्क मराठीत विचारलं, "आपले वास्तव्य कितव्या मजल्यावर असते?" मी दचकून "अकराव्या" म्हणालो. "तर मग आपण शेजारी ठरलो. ही मोठ्या समाधानाची गोष्ट होय." मला वाटलं, ऋतानं, म्हणजे माझ्या बायकोनं, कुणाला तरी सांगून माझी चेष्टा चालवली आहे.

चेष्टा नव्हती. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी सरकारनं सगळ्या देशाला एक वेळ लावली, तेव्हा मुंबई अडून बसली आणि पुढं कित्येक वर्षं तिनं स्वतःचीच वेळ चालवली. त्या भांडणावर लिहायचं म्हणून डॉक्टरांनी मराठी शिकून घेतली आणि जुनी मराठी वर्तमानपत्रं वाचून काढली. त्यामुळं ते मराठी बोलतात ते अग्रलेखासारखं. माझ्या सासूबाईंच्या हातची अळूवडी पहिल्यांदा खाल्ल्यावर ते म्हणाले होते, "सदरहू पदार्थाविषयी माझे मत अत्यंत अनुकूल आहे." सासूबाईंनी तेव्हापासून त्यांना रविवारी उपाशी ठेवलेलं नाही.

हे घड्याळाचं वेड गाईंपासून सुरू झालं. उत्तर जर्मनीतल्या एका खेड्यात त्यांच्या वडिलांच्या अकरा गाई होत्या. १९८० साली सरकारनं उन्हाळ्यासाठी घड्याळं तासभर पुढं केली. दूध न्यायला येणारी गाडी नव्या वेळेनं तासभर आधी यायला लागली, आणि गाईंनी जुन्या वेळेआधी दूध द्यायला साफ नकार दिला. वडील गाडीवाल्यावर ओरडत, गाडीवाला सरकारकडं बोट दाखवी, गाई रवंथ करीत. बारा वर्षांचा उवे कुंपणावर बसून हे सगळं एका वहीत लिहून ठेवी. "माझे पहिले संशोधन," तो काळ आठवून डॉक्टर सांगतात. "गाईंचे म्हणणे मात्र मिळू शकले नाही."

पुढं त्यांनी डॉक्टरेट केली ती शेजारशेजारच्या दोन गावांतल्या स्टेशनांच्या घड्याळांवर. दोन्ही घड्याळांत अकरा मिनिटांचा फरक होता. त्या अकरा मिनिटांवर सातशे पानं. परीक्षकांपैकी एकानं सगळी वाचली, असं ते परीक्षक स्वतः म्हणतात. दुसरा साक्षीदार अजून मिळालेला नाही.

दोन साक्षीदार, तेही एकमेकांशी संबंध नसलेले, हा डॉक्टरांचा धर्म. त्याशिवाय ते कशालाही खरं म्हणणार नाहीत. प्रत्येक साक्ष एका पांढऱ्या कार्डावर लिहायची आणि कार्डं बुटांच्या खोक्यांत भरायची. त्यांच्या घरी बुटांची एकोणचाळीस खोकी आहेत आणि बूट दोन जोड. दर दोन वर्षांनी विद्यापीठ त्यांना विचारतं, पुस्तक झालं का. डॉक्टर म्हणतात, एक तळटीप राहिली आहे. विद्यापीठ उसासा टाकून आणखी दोन वर्षं देतं.

या धर्मापायी त्यांचं एकदा फार वाईट झालं. वडिलांच्या अंत्यविधीला पाद्री म्हणाले, पहाटेच्या शांत वेळी ते गेले. डॉक्टर उभे राहिले आणि सगळ्या चर्चसमोर म्हणाले, पहाटे नव्हे, पावणेसातला. दूध नेणारी गाडी तेव्हाच दारात आली होती, तिची नोंद आहे. "तेव्हापासून माझी आई मला पत्र लिहिते ते 'प्रिय डॉक्टर' अशा मायन्याने," एकदा आमच्या स्वयंपाकघरात कप विसळता विसळता त्यांनी सांगितलं. मला हसू आवरेना. ऋतानं माझ्याकडं असं पाहिलं की मी हसू गिळलं.

तर त्यांची ती राहिलेली तळटीप सिंगापूरचीच होती. १९८१ साल संपताना सिंगापूरनं आपली घड्याळं अर्धा तास पुढं केली. रात्रीचे साडेअकरा वाजले आणि सरळ बारा झाले, नवं वर्ष आलं. मधला अर्धा तास कुणाच्याच वाट्याला आला नाही. त्या वेळी कोण कुठं होतं याच्या साक्षी डॉक्टर गोळा करत होते, आणि माझे सासरे पद्माकरराव ही त्यांना सापडलेली खाण होती.

सासरेबुवा १९७९ साली पुण्याहून एका शिपयार्डात इंजिनिअर म्हणून आले ते इथलेच झाले. ते, सासूबाई सुरेखाताई आणि माझी मोठी मेहुणी मैत्रेयीताई आमच्याच ब्लॉकमध्ये नवव्या मजल्यावर राहतात. सासरेबुवांच्या मनगटावर लग्नातलं स्टीलचं घड्याळ. जेवताना, झोपताना, अंघोळीआधीच्या शेवटच्या क्षणापर्यंत ते हातात. डॉक्टरांनी टेबलावर रेकॉर्डर ठेवला आणि सासरेबुवांनी छाती पुढं काढली: "डॉक्टर, त्या रात्री अख्ख्या यार्डात सेकंदाला सेकंद बरोबर एकच घड्याळ होतं. हे. साहेब लोक माझ्याकडं बघून आपली लावत होते. सेहेचाळीस वर्षं झाली, या घड्याळानं मला एक मिनिट दगा दिलेला नाही. लिहून घ्या." डॉक्टरांनी लिहून घेतलं.

आता मैत्रेयीताईबद्दल. ती चव्वेचाळीस वर्षांची आहे, तुआसला एका कारखान्यात सुरक्षेची प्रमुख आहे, आणि तीनशे माणसं तिच्या एका शिट्टीवर बाहेर येतात. तिच्या पत्रिकेत सातव्या घरात मंगळ. सातवं घर लग्नाचं. तिथं मंगळ बसला की जोडीदाराच्या जिवाला धोका, असं मानणारे मानतात. तिच्या बाबतीत मानणारेच भेटत गेले. चार स्थळं ठरता ठरता मोडली. पाचव्या वेळी तिनं सांगितलं की आता मला दाखवायचं नाही, आणि तो विषय घरात बंद झाला.

तो गेल्या वर्षी कुशलनं उघडला. कुशल तुआसच्याच बंदरात सर्व्हेअर. सेहेचाळीस वर्षांचा, शांत, सहा वर्षांपूर्वी बायको आजारानं गेलेली. दोघं एकाच बसनं येत-जात आणि कॅन्टीनमध्ये एकाच टेबलावर बसत. हे घरात सगळ्यांना कळेपर्यंत आठ महिने गेले, कारण मैत्रेयीताईच्या तोंडून माहिती काढणं हे डॉक्टरांनासुद्धा जमलेलं नाही. अडचण होती कुशलच्या आईची. संजीवनीबाई पुण्याच्या, निवृत्त मुख्याध्यापिका. त्या फोनवर एवढंच म्हणाल्या, "एक सून मी पोचवली आहे. जाणूनबुजून मंगळाची मुलगी मी घरात आणणार नाही."

मी पत्रिका मानत नाही, तरी ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. कुशल म्हणाला, आईला नंतर सांगू, आधी रजिस्टर करून टाकू. मैत्रेयीताई नको म्हणाली. "तुला उद्या साधी सर्दी झाली तरी त्या माझ्याकडं बघतील. त्या नजरेखाली मला राहायचं नाही. त्यांनी मनापासून हो म्हटलं तरच." संजीवनीबाई महिनाभरासाठी सिंगापूरला येणार होत्या. त्या महिन्यात काय तो निकाल लागणार होता.

त्या यायच्या आदल्या पंधरवड्यातला रविवार. आम्ही सगळे नवव्या मजल्यावर जेवायला, डॉक्टर अर्थातच होते. सासरेबुवांनी ती पत्रिकेची पिवळी गुंडाळी काढून टेबलावर पसरली होती आणि मंगळावर काही शांत-बिंत निघते का ते शोधत होते. जुना कागद दिसल्यावर डॉक्टरांना धीर कुठला धरवतोय! हात पुसून त्यांनी तो उचलला. समासात सासरेबुवांच्या पुण्यातल्या काकांच्या अक्षरात हिशेब होता. पत्रिका त्यांनीच मांडलेली. 'सिंगापूर वेळ दु. २.२०. वजा अडीच तास. भारतीय वेळ ११.५०.'

डॉक्टरांनी आमटीची वाटी बाजूला सारली. "कन्येचा जन्म कोणत्या साली?"

"एक्क्याऐंशी. चौदा नोव्हेंबर," सासूबाई म्हणाल्या. "का हो?"

"हा हिशेब अशुद्ध आहे."

"काकांचा हिशेब?" सासरेबुवा ताडकन म्हणाले. "अहो, पंचांग तोंडपाठ होतं त्यांना!"

"पंचांगाविषयी माझे मत नाही," डॉक्टर म्हणाले. "परंतु एक्क्याऐंशीच्या नोव्हेंबरात सिंगापूर भारताच्या दोन तास पुढे होते. अडीच तास हे ब्याऐंशीच्या जानेवारीपासून. आपणच मला त्या रात्रीची साक्ष दिलीत."

मग सासरेबुवा हळूच म्हणाले, "काकांनी त्र्याऐंशी साली पत्रात विचारलं होतं, सिंगापूर किती पुढं? मी लिहिलं, अडीच तास. तेव्हा अडीचच होतं."

ऋतानं तोवर फोनवर नवी पत्रिका मांडलीसुद्धा. अर्ध्या तासात लग्नरास बदलली आणि मंगळ सातव्या घरातून उठून सहाव्यात जाऊन बसला. सहाव्यातला मंगळ कुणाचं काही बिघडवत नाही. ऋता किंचाळली, सासूबाईंनी देवापुढं साखर ठेवली, मी डॉक्टरांच्या पाठीवर थाप मारली, आणि इरा कुणी काही न सांगता नाचत सुटली. डॉक्टरांना मात्र आम्ही कशासाठी नाचतोय ते समजेना. एक चूक दुरुस्त झाली याचा एवढा आनंद त्यांनी विद्यापीठातही पाहिला नव्हता.

मैत्रेयीताई आधी आमच्याबरोबर हसली. मग तिनं विचारलं, "म्हणजे बाबा, फक्त अर्धा तास?"

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. सासरेबुवा आपल्या मनगटावरच्या घड्याळाकडं बघत बसले, आणि त्या दिवशी त्यांचं ताक तसंच राहिलं.

संजीवनीबाई आल्या. त्यांना सगळं सांगितलं. मुख्याध्यापिकेच्या कानांनी त्यांनी ते ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "सोयीची चूक सापडली म्हणायची." मग थोडा विचार करून म्हणाल्या, "ज्यांनी शोधली त्यांच्याच तोंडून मला ऐकायचंय. ते गृहस्थ पत्रिका मानत नाहीत ना? मग ते कशाला खोटं बोलतील?" रविवारी सकाळी अकराला बैठक ठरली.

बुधवारी संध्याकाळी डॉक्टर तीन कार्डं घेऊन माझ्याकडं आले. चेहरा पडलेला.

"दुसरी अडचण निघाली," ते म्हणाले. "दोन वाजून वीस मिनिटे ही वेळ कोणी सांगितली?"

"बर्थ सर्टिफिकेटवर आहे की."

"दाखल्यावर ती पद्माकररावांनी सांगितली. पत्रिकेतही त्यांनीच सांगितली. कागद दोन, साक्षीदार एक. आणि तो साक्षीदार जन्मस्थळी नव्हता."

ते खरं होतं. मैत्रेयीताईच्या जन्माची गोष्ट घरात सगळ्यांना पाठ. दिवस भरायला तीन आठवडे होते, सासरेबुवा यार्डात, आणि ॲम्ब्युलन्स यायच्या आत मुलगी घरीच झाली. शेजारच्या मलाय मावशींनी, मकचिक रोकियांनी, सगळं निभावलं आणि नंतर यार्डात फोन केला. सासरेबुवांनी घड्याळात पाहून डायरीत लिहिलं: दोन वीस.

"म्हणजे दोन वीस ही फोनची वेळ," डॉक्टर म्हणाले. "जन्म त्याच्या आधीचा. किती आधी, ते अज्ञात. मी कारण न सांगता विचारले तेव्हा ऋताताई म्हणाल्या, दोन वाजून पाच मिनिटांच्या आधी जन्म असल्यास मंगळ पुन्हा सातव्या घरात जातो."

मी दार लावून घेतलं. "मग हे कुणाला सांगू नका."

"न विचारल्यास सांगणार नाही. विचारल्यास सांगावे लागेल. मी साक्षीदार आहे, वकील नव्हे."

"अहो, एका बाईचं लग्न आहे हे! तुमची तळटीप नाही!"

"होय," ते म्हणाले. "म्हणूनच खोटे कसे बोलावे?"

तेव्हा माझं डोकं फिरलं. "म्हणूनच तुमची आई तुम्हाला डॉक्टर म्हणते!" मी बोलून गेलो.

त्यांनी कार्डं एकसारखी केली. "ते खरे आहे," ते म्हणाले. "त्याला दोन साक्षी आहेत. आई आणि मी." आणि ते गेले. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी ऋताला लगेच सगळं सांगून टाकलं, तिनं तिच्या आई-वडिलांना सांगितलं, आणि मैत्रेयीताई सोडून सगळ्यांची झोप उडाली. तिला सांगायचं धैर्य कुणाला झालं नाही.

रविवारी अकरा वाजता आम्ही सगळे बसलो. संजीवनीबाई सोफ्यावर ताठ, कुशल त्यांच्या शेजारी, मैत्रेयीताई त्याच्या पलीकडं. आत सासूबाई अळूवड्या तळत होत्या. डॉक्टर बारा मिनिटं उशिरा आले, हातात एक खोकं. मधल्या स्टुलावर बसून त्यांनी सरकारी राजपत्राची नक्कल दाखवली, दोन वर्तमानपत्रांची कात्रणं दाखवली, आणि अर्ध्या तासाचा मुद्दा असा मांडला की संजीवनीबाईंनी दोनदा मान डोलावली.

"एवढं पटलं," त्या म्हणाल्या. "आता एकच. दोन वीस ही वेळ पक्की ना?"

मी डॉक्टरांकडं पाहिलं. डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मग ते म्हणाले, "नाही."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. फोन, डायरी, यार्ड, एकच साक्षीदार, दोन वाजून पाच मिनिटं. मैत्रेयीताई हे पहिल्यांदाच ऐकत होती. कुशलच्या हातातला आपला हात तिनं हळूच काढून घेतला. तो हात निघताना मी पाहिला आणि मला डॉक्टरांना खोक्यासकट खाली फेकून द्यावंसं वाटलं.

"म्हणजे खरी वेळ कुणालाच माहीत नाही," संजीवनीबाई म्हणाल्या. त्यांचा आवाजही उतरला होता. पोरगी त्यांना आवडलेली होती, हे मला तेव्हा कळलं.

"असे म्हणता येणार नाही," डॉक्टर म्हणाले. "मकचिक रोकिया वारल्या. परंतु प्रत्यक्षदर्शी एक व्यक्ती हयात आहे. चव्वेचाळीस वर्षांत तिची साक्ष कोणीही घेतलेली नाही. मीही नाही, हा माझा दोष." ते स्वयंपाकघराकडं वळून उभे राहिले. "सुरेखाताई, कन्येचा जन्म झाला तेव्हा किती वाजले होते?"

सासूबाई झारा हातात घेऊनच बाहेर आल्या. आम्ही सगळे त्यांच्याकडं बघत होतो. त्या कुणाकडं न बघता लेकीकडं बघत होत्या.

"मला कुणी विचारलंच नाही इतकी वर्षं," त्या म्हणाल्या. "दोन कागद केलेत, पत्रं लिहिलीत, काकांना विचारलंत. जिनं जन्म दिला तिला विचारायचं कुणाला सुचलं नाही. अडीच वाजले होते."

"अडीच?" संजीवनीबाईंनी लगेच पकडलं. "पण मुलगी झाल्याचा फोन तर दोन वीसला गेला ना? मग अडीच कसे?"

सासूबाई मात्र तसूभर हलल्या नाहीत.

"दोन वीस ह्यांच्या घड्याळात," त्या म्हणाल्या. "ते घड्याळ तेव्हा वीस मिनिटं मागं असायचं. रोज. मीच सांगून सांगून दमले होते."

सगळ्या माना सासरेबुवांकडं वळल्या. गेली सेहेचाळीस वर्षं या घड्याळावर ज्यानं कुणाला शब्द बोलू दिला नाही, तो माणूस खुर्चीत बसला होता. त्यांनी सासूबाईंकडं पाहिलं. मग मैत्रेयीताईकडं पाहिलं, फार वेळ. मग त्यांनी घसा साफ केला.

"हो," ते म्हणाले. "मागंच पडायचं. वीस मिनिटं. कधीकधी पंचवीस. लाजेपायी मी कधी कबूल केलं नाही."

डॉक्टरांच्या पुढ्यातल्या खोक्यात सासरेबुवांच्या मुलाखतीचं कार्ड होतं. सेकंदाला सेकंद बरोबर, एक मिनिट दगा नाही, लिहून घ्या. त्यांचं बोट कार्डांवरून चालत गेलं आणि एका कार्डाशी थांबलं. अर्धं वर काढलेलं ते कार्ड मला दिसत होतं. डॉक्टरांचा तीस वर्षांचा धर्म त्या एका कार्डात होता. मी देवाचं नाव घेतलं, आणि मी देव मानत नाही.

डॉक्टरांनी ते कार्ड परत खाली ढकललं. एक कोरं कार्ड घेऊन त्यावर सावकाश लिहिलं आणि वाचून दाखवलं: "जन्म, दुपारी अडीच. साक्ष, माता. पित्याचे घड्याळ वीस मिनिटे मागे, साक्ष, पिता." मग संजीवनीबाईंकडं पाहून म्हणाले, "दोन साक्षीदार झाले. इतिहासाला एवढे पुरते."

संजीवनीबाईंनी आयुष्यभर मुलांच्या खोट्या कारणांच्या चिठ्ठ्या वाचलेल्या होत्या. त्यांना काय कळलं आणि काय नाही, ते त्याच जाणोत. त्यांनी सासरेबुवांकडं पाहिलं. सासरेबुवांचे डोळे भरले होते आणि ते पुसायचं त्यांना भान नव्हतं. मग त्या स्वयंपाकघराकडं बघून म्हणाल्या, "विहीणबाई, आत काहीतरी करपतंय."

विहीणबाई! सासूबाई झारा घेऊन आत पळाल्या. मैत्रेयीताई उठली आणि वडिलांच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसून राहिली. करपलेल्या अळूवड्या आम्ही सगळ्यांनी खाल्ल्या. डॉक्टर म्हणाले, त्यांचे मत अजूनही अनुकूल आहे.

निघताना सासरेबुवांनी मनगटावरचं घड्याळ काढलं आणि डॉक्टरांच्या हातात ठेवलं. "मागं पडणारं घड्याळ इंजिनिअरच्या हातात शोभत नाही," ते म्हणाले. "तुम्ही ठेवा." डॉक्टरांनी ते मनगटाला बांधलं. त्यांच्या मनगटाला पट्टा आखूड पडतो. शेवटच्या भोकात कसाबसा बसला.

लग्न डिसेंबरात झालं. त्या सकाळी आम्ही एलआरटीच्या स्टेशनवर उभे होतो, रेशमी कपड्यांत घामाघूम. डॉक्टर आमच्याही आधी येऊन बाकावर बसलेले. या माणसाला कुठंही वेळेआधी पोचलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. सासरेबुवा त्यांच्या शेजारी जाऊन टेकले.

"अंकल, व्हॉट टाइम?" इरानं विचारलं.

डॉक्टरांनी मनगट वर केलं. "घड्याळात आठ दहा. म्हणजे आठ तीस."

"नो लाह! माय फोन सेज एट टेन. एक्झॅक्टली एट टेन!"

"हे घड्याळ वीस मिनिटे मागे असते, इरा," डॉक्टर म्हणाले. "त्याला दोन साक्षीदार आहेत."

सासरेबुवांनी डॉक्टरांचं मनगट आपल्याकडं ओढून घेतलं आणि गाडी येईपर्यंत ते त्या काचेवरून अंगठा फिरवत बसले.